रात्रीत बदललेले यंत्र

घोडेगावच्या बाजारपेठेतील एखाद्या सेवा केंद्रात अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी जाऊन पाहावे. आहुपे, तिरपाडकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेली माणसे बाकावर बसलेली असतात. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाला डिजिटल सहीचा सातबारा, कोणाच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच दिवशी रात्री बारापूर्वी भरला जायचा असतो. टेबलावर लॅपटॉप एकच. आदल्या संध्याकाळपर्यंत तो नीट चालत होता. रात्री त्याने कोणालाही न विचारता नवे अपडेट उतरवून घेतले, स्वतःच बंद होऊन स्वतःच सुरू झाला, आणि सकाळपासून पडद्यावरचा बाण चालवणाऱ्याचे ऐकेनासा झाला. बोट उजवीकडे सरकवावे तर बाण वर उडी मारतो. ‘जतन करा’वर न्यावा तर ‘रद्द करा’वर टिचकी पडते. टाइप करताना तळहात किंचित टेकला की अर्धे आडनाव भलत्याच रकान्यात जाऊन बसते. ‘दादा, होईल ना आज?’ असे बाकावरची बाई विचारते. ‘मावशी, मशीनच चालंना,’ एवढेच उत्तर त्या पोराजवळ असते. मग कोणी तरी शहाणा सांगतो, बोट ओले असेल. दुसरा म्हणतो, पोरांनी गेम खेळून बिघडवला असेल. अपडेट पाठवणारा तेथे हजरच नसल्याने दोष हजर असलेल्यांपैकी कोणाच्या तरी माथी बसतो.

लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडचा प्रश्न राजकीय साप्ताहिकाने का चघळावा, असे कोणी विचारील. ज्या राज्याने दाखला, उतारा, शिष्यवृत्ती, पीकपाहणी आणि अनुदान या साऱ्यांचा रस्ता एका काचेवरून नेला, त्या राज्यात ती काच ही सार्वजनिक रस्त्याइतकीच सार्वजनिक बाब ठरते. नाणेघाटात दरड कोसळली तर कोणत्या कार्यालयात जाऊन बसायचे हे जुन्नरच्या माणसाला ठाऊक आहे. बाण बेताल झाला तर कोठे जायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

प्रथम बिघाड समजून घेतला पाहिजे. कारण अज्ञानावर उभी राहिलेली तक्रार कंपनीला फार सोयीची असते. ट्रॅकपॅडच्या पृष्ठाखाली आडव्याउभ्या सूक्ष्म वाहकांची जाळी असते. बोट हे विजेचे वाहक. ते जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतभार साठवण्याची क्षमता किंचित बदलते. एक चिप हा बदल सेकंदाला अनेक वेळा मोजते आणि बोट कोठे आहे, एक आहे की दोन, हे बोट आहे की नुसता टेकलेला तळहात आहे, याचा निवाडा करते. हा निवाडा मुख्य प्रणालीला समजेल अशा भाषेत पोचवणारा एक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. यंत्र तयार करणाऱ्या कंपनीने आपल्या ट्रॅकपॅडचा स्वभाव ओळखून तो दुभाष्या लिहिलेला असतो. प्रणालीचे अपडेट येते तेव्हा पुष्कळदा या जाणत्या दुभाष्याला निरोप दिला जातो आणि त्याच्या जागी सरसकट सर्व यंत्रांना चालेल असा सामान्य दुभाष्या नेमला जातो. कधी दुभाष्या तोच राहतो, पण तळहात ओळखण्याची किंवा स्पर्शाच्या तीव्रतेची ठरवून ठेवलेली मर्यादा मूळपदावर जाते. यंत्र जुने असले तर त्याच्याकडे लक्ष द्यायला कंपनीला वेळ नसतो. तिला नवे यंत्र विकायचे असते.

परंतु सारा दोष अपडेटचाच असतो असेही नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. आंबेगाव-जुन्नरच्या वाड्यावस्त्यांवर चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवला की झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांचा आहे. भिंतीतल्या सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्यामागे अर्थिंगची तार नसते. असली तरी जमिनीत कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडलेली असते. पुष्कळ ठिकाणी दोन पिनांच्या जोडणीवरच काम भागवले जाते. चार्जरमधून झिरपणारा अल्पसा प्रवाह जमिनीत जाण्याचा मार्ग न सापडल्याने यंत्राच्या अंगावरच रेंगाळतो, आणि बोटाचा सूक्ष्म स्पर्श मोजणाऱ्या त्या जाळीच्या कानात सतत गोंगाट चालू राहतो. जुना दुभाष्या हा गोंगाट ओळखून दुर्लक्ष करीत असेल, तर नवा त्यालाच बोट समजून बसू शकतो. म्हणजे घरातल्या वीजजोडणीचा जुना दोष आणि परदेशातून आलेले नवे अपडेट यांची गाठ एका रात्रीत पडते. पुण्याच्या वातानुकूलित कचेरीत बसून यंत्राची चाचणी घेणाऱ्या अभियंत्याला ही गाठ दिसत नाही. त्याच्या सॉकेटची अर्थिंग शाबूत असते.

म्हणून बाण उड्या मारू लागला की पहिली गोष्ट, चार्जर काढून टाकावा. बाण तत्क्षणी शांत झाला तर दोष अर्थिंगचा, आणि त्यावर इलाज तीन पिनांच्या खऱ्या जोडणीचा आहे. त्यासाठी प्रणाली पुन्हा घालण्याचे पैसे कोणी मागितले तर ते देऊ नयेत. दुसरी गोष्ट, यंत्र बंद करून ट्रॅकपॅड कोरड्या मऊ फडक्याने पुसावा. भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची: यंत्र डोळ्यांच्या पातळीवर धरून ट्रॅकपॅड बाजूने पाहावा. तो मधोमध उचललेला, फुगलेला दिसला तर खालची बॅटरी फुगली आहे. ती दाबू नये, टोचू नये, यंत्र चार्जिंगला लावू नये. बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावे. या बाबतीत काटकसर अंगाशी येते, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

इतके झाल्यावर साधा तारेचा माउस जोडून सेटिंगमधून ट्रॅकपॅड बंद करावा. तरीही बाण हलत राहिला तर ट्रॅकपॅड निर्दोष आहे, आणि शोध दुसरीकडे घेतला पाहिजे. हलायचा थांबला तर ट्रॅकपॅडची संवेदनशीलता कमी करून पाहावी. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुन्या ड्रायव्हरकडे परतण्याचे एक बटण असते. ते दाबून पाहावे. पुष्कळदा ते करड्या रंगाचे, निर्जीव असते, कारण जुना दुभाष्या यंत्रात ठेवलेलाच नसतो. मग यंत्राच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला ड्रायव्हर शोधून घालावा लागतो. आणि अखेरची, निर्णायक साक्ष: पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, यंत्रात काहीही न बदलता, त्यावरून लॅपटॉप सुरू करावा. तेथे बाण मुकाट्याने बोटामागून चालला, तर काच आणि जाळी शाबूत आहे. गुन्हा प्रणालीच्या पदरात जातो. ही साक्ष मिळवायला पैसे लागत नाहीत, ज्ञान लागते. ते मंचरच्या, नारायणगावच्या आणि ओतूरच्या मुलांना कोणी दिले नाही, एवढीच अडचण आहे.

आता खरा प्रश्न. सेवा केंद्राच्या चालकाने यंत्र पैसे मोजून घेतले. पावती त्याच्या नावाची आहे. तरीही ते रात्री काय करील हे तो ठरवू शकत नाही. विंडोजच्या घरगुती आवृत्तीत अपडेट फार तर ३५ दिवस लांबणीवर टाकता येते, नाकारता येत नाही. मोठे अपडेट बसल्यानंतर पूर्वीच्या प्रणालीवर परत जाण्याची मुदत साधारणतः १० दिवसांची. नंतर जुनी प्रणाली पुसली जाते. घोडेगावच्या वसतिगृहात राहणारी मुलगी दिवाळीच्या सुट्टीला आपल्या गावी जाते तेव्हा परत येईपर्यंत दहा दिवस सहज उलटतात. मुदत कोणी ठरवली? ज्यांच्या घरी यंत्र नेहमी जोडलेले आणि नेट नेहमी चालू असते, त्यांच्या दिनदर्शिकेवरून ती ठरली आहे. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला, आणि पुढची आवृत्ती जुन्या प्रोसेसरांवर रीतसर चढत नाही. धडधाकट चालणारी यंत्रे त्या दिवशी कागदोपत्री वृद्ध झाली.

याच्याशेजारी दुसरे चित्र ठेवावे. विहिरीवरची मोटार रात्री कमी दाबाने जळते. शेतकरी सकाळी ती नारायणगावला नेतो, कारागीर जळालेले वेटोळे काढून, फेरे मोजून, नवी तार भरतो आणि मोटार पुन्हा पाणी ओढू लागते. त्या कारागिराला कोणाची परवानगी लागत नाही. कारखानदार तांब्याच्या तारेचे फेरे लपवू शकत नाही आणि मध्यरात्री येऊन ते बदलूही शकत नाही. यंत्राला सरसकट विरोध करणारा म्हणून ज्यांची उगाच प्रसिद्धी केली जाते त्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला होता. ते यंत्र घरात राहते, माणसाच्या हाताखाली चालते, आणि गावातला कारागीर ते उघडून पाहू शकतो. आजचा लॅपटॉप घरात राहतो खरा, पण त्याचा एक हात कायम दुसऱ्याच्या मुठीत असतो.

हे असेच असावे लागते, तंत्रज्ञान पुढे गेले की मालकी सोडावीच लागते, असे सांगणाऱ्या पंडितांनी जुन्नर तालुक्यातच एक फेरी मारावी. खोडदच्या माळावर महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत पसरल्या आहेत. तारांच्या दोरखंडांवर ताणलेल्या जाळीची ती हलकी, स्वस्त रचना येथेच सुचली आणि येथेच घडली. गेल्या दशकात या दुर्बिणीचेही अपडेट झाले. तबकड्या त्याच राहिल्या. ग्राहकयंत्रे आणि संकेत जुळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नवी आली. हे करताना जुनी यंत्रणा एका रात्रीत उखडून फेकली गेली नाही. नवी शेजारी उभी राहिली, दोन्ही काही काळ बरोबरीने चालल्या, आणि खगोलशास्त्रज्ञांचे काम चालू राहिले. कारण बदल करणारे आणि दुर्बीण सांभाळणारे हात एकच होते. आकाशगंगांपलीकडून येणारा क्षीण संकेत ज्या तालुक्यात गोंगाटातून निवडला जातो, त्याच तालुक्यात दोन पिनांच्या चार्जरचा गोंगाट कोणाला निवडता येऊ नये, ही विसंगती निसर्गाने निर्माण केलेली नाही.

देशानेही एकदा वेगळा विचार करून पाहिला होता. आयबीएम ही कंपनी भारतात आपली यंत्रे बव्हंशी भाड्याने देत असे, आणि तीही इतरत्र वापरून झालेली. भाड्याच्या यंत्राची किल्ली अर्थातच तिच्याकडे राही. १९७३च्या परकी चलन कायद्यानुसार भागभांडवल कमी करण्यास तिने नकार दिला, आणि जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, तिने गाशा गुंडाळला. कंपनी गेली, आता देशातले संगणक बंद पडणार, अशी ओरड तेव्हा झाली. ते बंद पडले नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीने त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली. तिचे नावच मुळी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, देखभाल महामंडळ, असे होते. दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे असे मानणारे राज्य या देशात होते, याचा तो पुरावा. २००१ साली या कंपनीतील ताब्याचा वाटा टाटा समूहाला विकला गेला आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. संगणक मूठभर कार्यालयांत होते तेव्हा सरकारजवळ देखभालीची कंपनी होती. संगणक प्रत्येक तलाठ्यापर्यंत पोचला तेव्हा ती नव्हती.

‘अपडेट नको म्हणणे हा अडाणीपणा आहे,’ असे उत्तर येईल. त्यात तथ्य आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा तिला अडवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांची यंत्रे, ब्रिटनमधल्या रुग्णालयांची सुद्धा, अडकली. सुरक्षेची दुरुस्ती वेळेवर घेतलीच पाहिजे. परंतु सुरक्षेच्या टोपलीतून कंपनी जे इतर सामान घरात घुसवते, नवा ड्रायव्हर, नव्या जाहिराती, बदललेली मांडणी, त्याचा सुरक्षेशी संबंध काय? टोपल्या दोन कराव्यात, एवढेच मागणे आहे. आणि सुरक्षेच्या नावाने येणारे प्रत्येक अपडेट निर्धोक असते हाही भ्रम आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे आडवी झाली. त्या दिवशी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि विमाने त्यांना घेऊन उडाली. विमानाच्या प्रवाशासाठी कागद आणि पेन चालते. आहुपेच्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी मात्र कागदावरचा अर्ज, तारखेची पोच देऊन, तहसील कचेरीत ठेवून घेता येत नाही. पोर्टलची मुदत संपली की संपली.

इतर देशांत या मस्तवालपणाला वेसण घालण्याचा प्रयत्न झाला आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. ठपका असा होता की कंपन्यांनी ग्राहकांना अपडेट घेण्यास भाग पाडले, त्यामुळे फोन मंदावले आणि बिघडले, आणि पूर्वस्थितीत परतण्याचा मार्ग ग्राहकाला ठेवला नाही. फ्रान्सने २०२० साली अॅपलकडून अशाच प्रकरणात अडीच कोटी युरो घेतले. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि डिसेंबरात एक पोर्टल उघडले. कंपन्यांनी तेथे आपली माहिती ठेवावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा! ज्याच्या काचेवरचा बाण उड्या मारतो आहे त्याने ती अपेक्षा वाचायला त्याच काचेवरून जायचे.

केरळने वाट पाहिली नाही. तेथील सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे मुक्त आज्ञावलीवरच संगणक शिकवला जातो, आणि २०१८पासून ‘लिटल काइट्स’ या मंडळांतून शाळकरी मुलेच शाळेतल्या यंत्रांची देखरेख शिकतात. मुक्त प्रणालीत अमुक मॉडेलच्या ट्रॅकपॅडची खोड आणि तिच्यावरचा उतारा उघड्या यादीत लिहून ठेवलेला असतो. ज्याला वाचता येते त्याला तो सुधारताही येतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. १९८८ साली स्थापन झालेली सी-डॅक ही संस्था पुण्यात आहे, आणि भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही मुक्त प्रणाली तिनेच २००७ साली काढली. पुणे ते घोडेगाव हे अंतर तिला अजून कापता आलेले नाही.

शासनाने पुढच्या वेळी शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रे यांसाठी यंत्रांची निविदा काढताना दोन अटी घालाव्यात: मालकाच्या संमतीवाचून ड्रायव्हर बदलणार नाही, आणि यंत्र वापरात असेपर्यंत जुन्या ड्रायव्हरकडे परतण्याचा मार्ग उघडा राहील. निविदा सरकारची, पैसा सरकारचा. त्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार भरण्याच्या शेजारी हे काम शिकवले जावे. त्याला लागणारे सामान फार नाही: तारेचा एक माउस, लिनक्सची एक पेनड्राइव्ह, एक टेस्टर, आणि अर्थिंग खरोखर तपासून घेतलेला तीन पिनांचा एक बोर्ड. हा बोर्ड तरी प्रत्येक सेवा केंद्रात येत्या पावसाळ्यापूर्वी बसवला जावा, आणि त्याची पट्टी जेथे पुरली आहे तेथे उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालण्याची जबाबदारी कोणाची, हे ग्रामसभेत नाव घेऊन ठरवले जावे.